यांचं खातं

त्या सकाळी मी भाकऱ्या थापत होते. हात पिठानं भरलेले, एक भाकरी तव्यावर. तेवढ्यात पुढच्या खोलीतून यांची हाक आली, "अगं, हात पूस नि इकडं ये."

मंडळी, तुम्ही सगळे आज यांच्यासाठी जमलात. आटपाडीहूनही माणसं आली आहेत. मला सभेत बोलायची सवय नाही. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

फौजेतून निवृत्त झाल्यावर यांनी आमच्या पुढच्या खोलीत वाचनालय काढलं, तिथंच कॉम्प्युटर मांडले. प्रत्येकाचं खातं वेगळं, यांचंही. कुणी पासवर्ड विसरलं की हे काळ्या पडद्यावर एक कमांड लिहायचे, पुढं त्या माणसाचं नाव लिहायचे. मग त्याला खुर्ची देऊन स्वतः भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. नवा शब्द ज्याचा त्यानं लिहायचा.

तो लिहिताना पडद्यावर काही उमटत नाही. ठिपकासुद्धा नाही. हे समोर बसलेले तात्या एकदा ओरडले, "आवं सुभेदार, तुमचा कीबोर्ड मेलाय! मी कवाधरनं म्हशीचं नाव लिवतोय, चंद्री, चंद्री, एक अक्षर उठंना!" भिंतीकडं बघतच हे म्हणाले, "तात्या, चंद्री आता साऱ्या गावाची झाली. दुसरी म्हस बघा."

हसा तात्या, हसा. यांना तुम्ही हसलेलं आवडायचं.

तर ती सकाळ. दुखणं वाढलं होतं. यांनी मला खुर्चीत बसवलं. सगळी खाती ज्यातून सांभाळतात त्या मुख्य खात्याचा नवा पासवर्ड मला ठेवायला सांगितला, आणि टेबलाला धरून उठले, भिंतीकडं वळले. मी म्हटलं, "आवं, नवरा-बायकोत कसला पडदा? बसा की गुमान."

"पडदा न्हाई. आता हे तुला बघायचंय. मला म्हाईत असून काय उपेग?"

काय म्हणाले ते मला कळलं. भाकरी करपल्याचा वास आला. मी उठले नाही, आधी नवा शब्द लिहिला.

हे गेले. सावडून आल्यावर धाकटे दीर म्हणाले, "वैनी, दादाचं खातं उघडा. आजारपणात लय लिवत बसायचा. तुमच्यासाठी कायतरी आसंल."

मला वाटलं नसेल का? मी शाळा फार शिकले नाही. याच खोलीतली पुस्तकं एकेक करून वाचली. यांनी लिहिलेलं वाचायला मिळालं असतं तर मला दुसरं काही नको होतं. आणि अवघडही नव्हतं. मुख्य खात्यातून कुणाचाही पासवर्ड बदलता येतो, यंत्र जुना विचारतच नाही. पण नवा टाकला की जुना पुसला जातो. यांनी आपल्या मनानं ठेवलेला तो शब्द मग यंत्रातही उरत नाही. आणि ज्या माणसानं कधी कुणाचा शब्द पाहिला नाही, तो आता नको म्हणायलाही इथं नाही. मग कसं उघडू?

आता सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू या. त्याआधी एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी मी खोली झाडली आणि खुर्चीत बसले. खातं बंद करायची कमांड वेगळी आहे. तिनं कुलूप पडतं, जुना शब्द आत तसाच राहतो. ती लिहिली. लग्नातल्या उखाण्यानंतर जे नाव मी तोंडानं घेतलं नव्हतं, ते पुढं लिहिलं. एंटर दाबलं.