गुलाबाच्या बुडाशी

भाची: ही गाठ नुसती कापून भागणार नाही, मामा. मागच्या वेळी मी त्या गाठीचा तुकडा नेला होता ना, तो आमच्या लॅबमध्ये तपासला. जिवाणू आहेत.

मामा: मला वाटलं, बुडाशी नवा कोंब फुटतोय. खूश झालो होतो मी.

भाची: कोंब नाही तो. छाटताना झाडाला जखम होते ना, तिथून हे आत शिरतात. स्वतःचा एक अंश झाडाच्या पेशीत सोडतात. मग झाड स्वतःच ती गाठ वाढवत बसतं.

मामा: आणि जिवाणू मेले तर?

भाची: तरी वाढते. झाडाला ती आपलीच वाटायला लागते.

मामा: खुळंच म्हणायचं.

भाची: एकच झाड नाही रे. कुंपणापर्यंत बघून आले, सगळ्यांना आहे. छाटतोस कशाने?

मामा: तुझ्या मामीच्या कात्रीने. दुसरी कुठे आहे घरात?

भाची: एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पुसतोस?

मामा: ती पुसायची. स्पिरिटने. मी म्हणायचो, बाईला स्वच्छतेचं वेड लागलंय.

भाची: मामा... मुळासकट उपटावी लागतील. जाळायची. आणि या मातीत काही वर्षं तरी गुलाब नाही लावायचा.

मामा: लहानपणी अशी नव्हतीस गं. मुंगी चावली तरी फुंकर मारून सोडून द्यायचीस.

भाची: माझ्याही जिवावर आलंय. मामीने लावलेली आहेत, मला का माहीत नाही?

मामा: बरं, बरं. उपटू. कुदळ जिन्याखाली आहे. मागच्या भिंतीशी जाळू, शेजाऱ्यांकडे धूर नको जायला.

भाची: अजून एक. लावायला फांद्या दिल्यास कुणाला?

मामा: मागेल त्याला. न मागेल त्यालाही.

भाची: मामा!

मामा: कोपऱ्यावरचा शिंपी, औषधांच्या दुकानातल्या बाई, समोरच्या बिल्डिंगचा वॉचमन, वाचनालयातले ते जाडे गृहस्थ...

भाची: त्यांना सांगायला हवं, नाहीतर त्यांच्याकडेही पसरेल. मी करते फोन.

मामा: तू कोण त्यांची? मी करतो. आधी शिंप्याला. त्याचं झाड जोरात आहे. भेटला की सांगतो, काका, कळ्या आल्यात. हळहळेल बिचारा.

(मामा फोन लावतो, आवाज मोठा ठेवतो. पलीकडे शिलाई मशीन चालू आहे.)

शिंपी: बोला साहेब, पँट उद्या नक्की!

मामा: पँट नाही हो. मी, गुलाबवाला.

शिंपी: काका होय! बोला, बोला.

मामा: बातमी चांगली नाही. मी दिलेल्या फांदीत रोग असणार. तुमचं झाड उपटून जाळावं लागेल. हॅलो? ऐकताय ना?

शिंपी: थांबा, मशीन बंद करतो. काका, रागावू नका हं. ते जगलंच नाही. लावलं आणि लगेच वाळलं.

मामा: अहो, परवा म्हणालात, पिवळंधमक फूल आलंय!

शिंपी: काय सांगू आता. तुम्ही दारात उभं राहून इतक्या आवडीने विचारायचात. एकदा 'मस्त आहे' म्हणून बसलो, मग माघार कशी घ्यायची?

मामा: लाल होता तो गुलाब.

शिंपी: चुकलंच माझं.

मामा: नाही, नाही. उलट बरंच झालं. तुमच्या मातीला तरी काही लागलं नाही. ठेवतो.

शिंपी: काका, या ना दुकानात. असंच.

मामा: हो हो. बघू.

भाची: ...पाणी आणू?

मामा: आता कशाला? उपटायचीच आहेत ना?

भाची: तुला रे.

मामा: नको. कुदळ आण तू.

भाची: आणते. आणि त्या औषधवाल्या बाईंना मी लावते फोन, तू बोलू नकोस.

मामा: राहू दे. संध्याकाळी जाऊनच सांगतो. फोनवर बोलणं फार लवकर संपतं.