लाकडी मुठीचा कॅमेरा

नाही, मला एक सांगा, कॅमेऱ्याला लाकूड लावलं म्हणून त्याला जास्त दिसायला लागतं का हो? साधा प्रश्न आहे. लाकूड! कॅमेऱ्याला! आणि हे मी विचारलं की सगळे माझ्याकडे असं बघतात, जशी काही मी चप्पल घालून देव्हाऱ्यात गेले... म्हणजे विचारलं असं नाही, मी कुठली विचारते, मी मनात विचारलं. तुम्हाला सांगते, मी हजेरीला "हजर" इतकं हळू म्हणते की सर वर्षातून चारदा तरी मला गैरहजर मांडतात, आणि मी बसलेली असते कुठे? पहिल्या बाकावर! पण आज बोलणार. कारण आतून तोच आहे. एवढं वाक्य लक्षात ठेवा, आतून तोच आहे, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

तर आमच्या आप्पांचा शिरूर कासारला बसस्टँडसमोर स्टुडिओ आहे. 'पौर्णिमा फोटो स्टुडिओ'. पौर्णिमा म्हणजे माझी आई. आई म्हणते, "बोर्डावर नाव माझं, अन् इतक्या वर्षांत माझा एक फोटो धड काढला न्हाई या माणसानं." पण तो वेगळा विषय आहे, तो काढला तर आपल्याला संध्याकाळ होईल. स्टुडिओत कॅमेरा एकच. काळा, साधा, जपानी, सगळ्या स्टुडिओवाल्यांकडे असतो तसला. एका वरातीत आप्पांच्या हातून पडला तेव्हापासून त्याच्या बॅटरीचं झाकण बसत नाही, म्हणून त्याला दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावलेली. आणि आप्पांनी मला शब्द दिलेला, "आरोही, दहावी झाली की ह्यो तुझा."

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? एवढं असं, की ऊसतोडीला निघायच्या आधी लोक पोरांना घेऊन फोटोला येतात, एक फोटो सोबत न्यायला आणि एक मागे आजीपाशी ठेवायला, आणि त्या गर्दीत आप्पा प्रिंट काढत बसतात तेव्हा फोटो मी काढते. आणि काय होतं माहीत आहे? डोळ्याला कॅमेरा लावला की मला बोलता येतं! "मावशी, हनुवटी वर. दादा, बाळाचा हात सोडा, तो पळत नाही कुठे." खणखणीत! कॅमेरा खाली घेतला की आवाज परत बंद. आता कळलं ना, तो कॅमेरा गेला तर माझं काय जातं ते? बरं.

तर जानेवारीत सुंदरराव आले. सुंदरराव म्हणजे आमच्याकडचे पुढारी, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अभिमन्यू, राग मानू नको, पर फोटोवाला आमी आष्टीचा सांगायलोत. त्याच्याकडं लाकडाच्या मुठीचा कॅमेरा हाय. जर्मनचा."

आप्पा म्हणाले, "साहेब, तुमच्या घरची तीन लग्नं मीच काढली की. फोटोत काही कमी पडलं का?"

"फोटो काय बे, समदेच काढतेत! कॅमेरा दिसला पायजे."

आता फोटोत कॅमेरा कसा दिसणार? हे मी विचारलं. मनात.

झालं! आप्पांना त्या रात्रीपासून... नाही, खोटं कशाला बोलू, त्याच मिनिटापासून लाकडाचं वेड लागलं. फोन केला आष्टीला पंडितकाकांना. पंडितकाकांचं तिथे कॅमेऱ्याचं दुकान. दुसऱ्या दिवशी काका हजर, हातात पेटी. पेटी कसली, आत जांभळी मखमल, जशी काही बोरमाळ ठेवायची! आणि काकांनी खिशातून पांढरे हातमोजे काढले आणि घातले. आमच्या स्टुडिओत! जिथे पंख्याला हात लावला तर आठवडाभर हात काळा राहतो!

"अभिमन्यू, ह्यो ग्लुकेनहॉफ," काका हळूच म्हणाले. "आष्टीच्या त्या फोटोवाल्याला बी मीच दिलाय." "शंभर वर्षं जुनी कंपनी. मूठ ऑलिव्हच्या लाकडाची. वरून वासराचं कातडं. ही कडी सोन्याच्या पाण्याची. अन् ह्यो लाल ठिपका बघितला का? समदी किंमत ठिपक्यात हाय."

"ग्लुकोज?" आप्पा म्हणाले.

"ग्लुकेनहॉफ."

"तेच."

किंमत मी तुम्हाला सांगत नाही, आई इथेच कुठेतरी असेल. एवढंच सांगते की वर जुना कॅमेरा द्यायचा होता. जुना म्हणजे माझा! "तुझं ते काळं डबडं बी घेतो, चल, तुझ्यासाठी," काका म्हणाले, जसे काही उपकार करायलेत.

मग काकांनी बटण दाबलं तर कॅमेरा चालू होईना. बॅटरी संपलेली! आता काय? तर आप्पांनी आपल्या कॅमेऱ्याची चिकटपट्टी सोडवली, आतली बॅटरी काढली, त्या ग्लुकोजमध्ये घातली आणि... टुक! बसली. अशी बसली जशी काही माहेरी आली. आणि दोघं काय म्हणाले असतील? काय म्हणायला पाहिजे होतं? "योगायोग बघ!" काका म्हणाले. "आपलं नशीब!" आप्पा म्हणाले. योगायोग! अहो, मी तिथे उभी आहे, ऐकतेय, बघतेय, कॅमेरा चालू झाल्यावर तेच दोन बारीक टूंटूं, तीच पडद्यावरची पिवळी अक्षरं, तोच 'तारीख टाका' म्हणून हट्ट. काकांना तारीख कुठे टाकायची ते सापडेना. मी हळूच बोट पुढे केलं, तिसरं बटण, खाली, खाली, उजवीकडे. झालं.

"आरं, पोरगी लई हुशार हाय तुझी! उभ्या उभ्या जर्मन कॅमेरा शिकली!"

अहो, काय शिकले? आतून तोच आहे! जपान्याचा कॅमेरा आणायचा, कातडं चढवायचं, लाकूड लावायचं, ठिपका द्यायचा, की झाला जर्मन. पोळ्याला आपण बैलाला झूल घालतो, शिंगं रंगवतो, पण दुसऱ्या दिवशी तो आपलाच बैल असतो की नाही? आपण त्याला पंजाबचा म्हणतो का?

काकांनी आमची बॅटरी परत दिली आणि दोन दिवसांनी नवा देऊन जुना न्यायला येतो म्हणून पेटी घेऊन गेले. मी धीर केला. जेवताना म्हणाले, "आप्पा... आतून तोच आहे."

"काय? मोठ्यानं बोल की."

"आतून तोच आहे. बॅटरी बसली ना."

"आगं, बॅटरी काय, सगळ्या सारख्याच राहतेत. तुला काय कळतंय त्यातलं? लाकूड हाय त्याला!"

आईनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, "कावून डोकं लावायली त्यांच्याशी? दाखवल्याबिगर त्यांना कधी काही पटलंय का?"

दाखवल्याशिवाय! मग मी ठरवलं, दाखवायचंच. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना स्टुडिओतून आपला काळा कॅमेरा दप्तरात घातला आणि गेले शहादेवदादाकडे. शहादेवदादा मोटारसायकलीची सीटकव्हरं शिवतो. त्याला कॅमेरा दिला तर त्यानं तो उलटासुलटा केला आणि विचारलं, "कोन्त्या गाडीचं सीट हाय हे?" मी म्हणाले, याला कव्हर पाहिजे. "पाणी लागू द्यायचं न्हाई का?" म्हणाला. नाही, म्हटलं, भारी दिसलं पाहिजे. मग काय, डाळिंबी रेक्झिन, कडेनं पांढरी शिलाई, अर्ध्या तासात कॅमेरा नवरदेवाच्या गाडीसारखा! मूठ राहिली होती. घरी आईचं लाटणं मधे चिरलेलं पडलं होतं, ते दोन तुकडे केले, एक घासला, खोबरेल चोळलं, चिकटवला. भिंगाभोवती जत्रेतली पिवळी बांगडी. आणि ठिपका? आईची लाल टिकली! सगळी किंमत ठिपक्यात हाय ना?

बेत सोपा होता. स्टुडिओत काउंटरवर ठेवायचा, आप्पा हातात घेतील, भुलतील, मग मी म्हणणार, "आप्पा, हा आपलाच!" आप्पा हसतील, काकांना नाही म्हणतील, कॅमेरा वाचेल. तीन शब्द तर बोलायचे होते.

आणि आप्पांनी कॅमेरा हातात घेतला न घेतला तोच दारात कोण? सुंदरराव!

"काय रे अभिमन्यू, ह्यो कोन्ता?"

आप्पांना वाटलं, पंडितकाकांनीच दुसरा एखादा पाठवला. ते लगेच काकांच्या आवाजात सुरू झाले, "साहेब, वजन बघा. पकड बघा. लाकूड बघा... वास घ्या!"

सुंदररावांनी वास घेतला. "खोबरेल हाय का रे?"

"तिकडलं तेल असंल, साहेब."

"कंपनी कोन्ती म्हणायची?"

आप्पांनी कॅमेरा फिरवला, नाव कुठेच नाही. माझ्याकडे बघितलं. सुंदररावांनी बघितलं. दोघं माझ्याकडे! ते तीन शब्द कुठे गेले देव जाणे, आणि तोंडातून जे डोळ्यासमोर होतं तेच निघालं, तेही अर्धं, हळू... "लाटणं..."

"लाताने!" सुंदरराव खुर्चीतून उठले. "मंग तसं सांगा ना! इटलीचा हाय! त्या आष्टीवाल्याच्या जर्मनपेक्षा ह्यो लई भारी हाय. ठरलं, अभिमन्यू, लग्नाला ह्योच लाताने पायजे!"

आणि तेवढ्यात मी बघितलं, आप्पांचा अंगठा कॅमेऱ्याच्या खाली गेला आणि थांबला. रेक्झिनच्या खालून पांढरी चिकटपट्टी डोकावत होती ना! अंगठ्याला ती ओळखीची. आप्पांनी चिकटपट्टी बघितली, टिकली बघितली, मला बघितलं. आणि म्हणाले, "हो साहेब. इटलीचाच."

साहेब गेले. आप्पांनी कॅमेरा उलटा करून चिकटपट्टीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आतून तोच हाय?"

"तोच आहे."

मग जे हसले म्हणता! आईला हाक मारून हसले, पंडितकाकांना फोन करून नको म्हणून सांगितलं आणि परत हसले. मला वाटलं, जिंकले!

एप्रिलमध्ये लग्न झालं. काय सांगू, लोक नवरीकडे बघायचे सोडून कॅमेऱ्याकडे बघायलेत! "लाकडामुळं फोटोत कसा उजेड पडतोय," एक पाहुणे म्हणाले. आष्टीचा फोटोवाला ग्लुकोज पोटाशी धरून कोपऱ्यात उभा, तो पाहुणा म्हणून आलेला. आणि पंडितकाकांनी जेवायच्या पंगतीत आप्पांना कानात विचारलं, "ह्या लातानेची एजन्सी कुठं भेटंल रे?"

मग निकाल लागला. पास झाले, चांगली पास झाले. स्टुडिओत गेले. डोळ्याला काही लावलेलं नव्हतं तरी मोठ्यानं बोलले, तुम्ही विश्वास ठेवा, खणखणीत बोलले, "आप्पा, दहावी झाली. कॅमेरा द्या."

आप्पांनी कपाट उघडलं. आत जांभळी मखमल, नवी. तिच्यावर माझा कॅमेरा. आप्पांच्या हातात पांढरे मोजे!

"येडी का काय? लाताने पोरीच्या हातात देत असतेत का?"

"आप्पा, आतून तोच आहे!"

"मला म्हाईत हाय गं," आप्पा हळूच म्हणाले आणि कपाटाला कुलूप लावलं. "लोकांना कुठं म्हाईत हाय?"

आता बोला!

म्हणजे अगदीच काही मिळालं नाही असं नाही. लाटण्याचा दुसरा अर्धा तुकडा आईनं मला दिला. रोज सकाळी त्यानंच चपात्या लाटते. लाताने, अस्सल. आणि त्याचं एक बरं आहे बघा, बाहेरून जे आहे ना, आतून पण तेच आहे.