फोटोपुरतं पोट

सरोजिनी नगरच्या दवाखान्यात गिरिजा औषधांच्या रांगेत उभी होती. मागे बाकावर तिची अक्षता एका अनोळखी मराठी आजींना बाहुली दाखवत होती.

“अगं बाई, कंबर केवढीशी हिची! जेवत नाही वाटतं?”

“जेवते ना. पोट आत घेतलंय तिने.”

“ते कशाला?”

“फोटोसाठी. मम्मी पण घेते. मला पण म्हणते, चलो, पोट आत!”

“मग सोडायचं कधी?”

“फोटो झाला की.”

“हिचा झाला नाही अजून?”

“हिचा होतच नाही, आजी. बिचारी.”

“आणि मम्मी कुठाय तुझी?”

“ती काय, पिवळ्या कुर्त्यात. मम्मी, सोड ना आता! इथे कोण फोटो काढतंय?”

रांगेत मराठी कुणालाच कळत नव्हतं. तरी गिरिजाला मागे वळून बघवेना.