मास्तर गिळले

दवाखान्यात औषधाच्या रांगेत माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. त्यांचं बोलणं कानावर पडलं तसं सांगते आहे, तिखटमीठ माझं चिमूटभरच हं!

“अहो, माझ्या गोळ्यांच्या डबीत कुणी स्टेशनमास्तर ठेवतं का?”

“रंग ओला होता गं, धूळ बसली असती. तू न बघताच गिळलास!”

“तांदळाएवढा माणूस, चष्म्याशिवाय दिसणार कसा? आणि एका खेळण्यासाठी एवढं—”

“खेळणं नव्हे, मॉडेल! सहा वर्षं खपून अख्खं स्टेशन हुबेहूब उभारलंय. मास्तरांशिवाय गाडी सोडली तर परीक्षक हसतील.”

“माझ्या पोटाचं काय?”

“डॉक्टर म्हणाले ना, परवापर्यंत आपोआप बाहेर येईल.”

“मग तोंड का पाडलंय?”

“प्रदर्शन उद्या आहे!”

“मग मलाच उभी करा स्टेशनाशेजारी. कुणी विचारलंच, तर सांगा, मास्तर आत आहेत.”