मान हलवून मिळालेलं घर

...आणि वर बायको मलाच म्हणते, 'घर मिळवायला तुम्हीच काहीतरी बोलला असाल.' अहो, काय बोलणार? इथली भाषा मला येत होती कुठे? चार शब्द येत होते, त्यातले दोन 'लिफ्ट बंद'. बोललो नाही, हसलो नाही, बोटसुद्धा उचललं नाही. मी फक्त मान हलवली हो!

तुम्हाला सांगतो, ही आपली मान... आपण ती अशी डावी-उजवीकडे डोलवतो, तेव्हा आपल्याला तरी ठाऊक असतं का, काय म्हणायचंय ते? त्यात 'हो' असतं, 'बघू' असतं, 'ऐकतोय, पुढे बोला' असतं, 'काही कळलं नाही, पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका' हेही असतं. इथे त्या डुलण्याला अर्थ एकच. 'हो, अगदी शपथेवर हो.' मला काय स्वप्न पडलं होतं? मी लिफ्टचा मेकॅनिक. पहिल्याच आठवड्यात फोरमनने वरून खुणेनं विचारलं, ब्रेक धरतोय का? मी खाली खड्ड्यात, दोन्ही हातांत पाने, मान डोलावली, म्हणजे 'थांब बाबा, बघतोय.' त्याने सात माणसं आत चढवली. सात! लिफ्ट दीड मजला घसरली, मग ब्रेकला दया आली. बाहेर पडताना त्या सातही जणांनी माझ्याकडे जे बघितलं ना, त्याला मात्र भाषा लागत नाही.

पण ते जाऊ द्या, मी घराचं सांगत होतो. अकरा महिने मी कामगारांच्या खोलीत, सहा खाटा आणि एक खिडकी. तिकडे घरी बायको आणि चार वर्षांची आमची चिमणी. चिमणी फोनवर मला 'काका' म्हणायला लागली होती. हसू नका, तुमच्या पोरीनं म्हटलं की कळेल. माणसांना इकडे आणायचं तर घराचा करार कागदावर हवा, तोही महिनाअखेरच्या आत. बावीस घरं बघितली, बावीस ठिकाणी दार लागलं. तेविसावं हे. तिसरा मजला, मागच्या दोन खोल्या आमच्या, पुढची बैठक आणि स्वयंपाकघर मालकिणीबरोबर. मालकीण सत्तरीची, एकटी. मी तिला आपलं मावशी म्हणतो.

मावशीने मला स्टुलावर बसवलं आणि बघत राहिली. इथली माणसं बोट दाखवत नाहीत, डोळ्यांनी दाखवतात. तिने डोळे खिडकीजवळच्या हिरव्या खुर्चीवर नेले, तिथे ठेवले, मग सावकाश माझ्यावर आणले, भुवया वर. मला वाटलं, विचारतेय, खुर्ची छान आहे ना? छान होती की. रिकामी होती. मी फक्त मान हलवली.

म्हातारी रडायला लागली. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून रडायला लागली! मी घाबरलो, म्हटलं आता पोलीस. तिने फोन करून मुलीला बोलावलं. मुलगी खालच्या औषधाच्या दुकानात कामाला, पांढऱ्या कोटातच धावत वर आली. तिला माझ्याइतकीच मोडकीतोडकी इंग्रजी येते, त्यामुळे आमचं छान जमतं. आईचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "माझे वडील जाऊन दोन वर्षं झाली. आई म्हणते, ते त्या खुर्चीत बसलेले असतात. येईल त्या भाडेकरूला विचारते, दिसतात का. आजवर सगळे नाही म्हणाले, सगळ्यांना तिने परत पाठवलं. तुम्ही हो म्हणालात." मग आवाज खाली आणून, "खोटं असेल तर आत्ता सांगा. माझ्या आईची चेष्टा मी चालवून घेणार नाही."

आता तुम्ही असता तर काय केलं असतंत? खरं सांगितलं असतंत? मोठे हरिश्चंद्र! माझ्या कानात पोरीचं 'काका, तुम्ही कुठे राहता?' वाजत होतं. काय बोलावं, काय बोलावं, असं मनाशी म्हणता म्हणता... मी फक्त मान हलवली. संध्याकाळी करारावर सही झाली.

त्यानंतरचे तीन आठवडे विचारू नका. मी जेवायला बसलो की मावशीचे डोळे माझ्या खांद्यामागे. मी दाढी करतोय, ही दारातून आरशात बघतेय, आधी माझ्या मागे आणि मग माझ्याकडे, भुवया वर. मी मान डोलवायचो. चेहऱ्यावर फेस, पाठीवर काटा, आणि मान चालूच. मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पण तुम्हाला सांगतो, रोज कोणी तुमच्या मागे बघून प्रेमानं हसायला लागलं ना, की तुम्ही पाठ भिंतीला लावून जेवायला लागता.

मग एका रविवारी दुपारी मुलीनं मला धरलं. आईला चहा करायला आत पाठवलं, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "आत्ता कुठे आहेत बाबा? आई समोर नसताना सांगा." झालं, म्हटलं, संपलं. खरं सांगून टाकावं आणि पळावं. पळायचं तर जाकीट घ्यायला हवं, म्हणून मी दाराजवळच्या खुंट्यांकडे बघितलं. फक्त जाकिटाकडे हो! एवढ्यात मावशी ट्रे घेऊन बाहेर आली. आमच्याकडे बघितलंही नाही तिने. थेट खुंट्यांकडे वळली, आणि तिकडे बघून हसली.

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. कप न उचलता ती जायला उठली, आणि खुंट्यांपासून चार हात लांबून, भिंतीला घासत दाराबाहेर गेली. मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. मीही ते जाकीट दोन दिवस तिथेच राहू दिलं.

परवा बायको आणि चिमणी आल्या. बायकोला मी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं, आधीच ती घाबरट. मावशीने दोघींना मिठीत घेतलं. बायको बॅग ओढत बैठकीतून निघाली, सरळ रेषेत, आणि हिरव्या खुर्चीपाशी येऊन थबकली. बॅग उचलून वळसा घेतला आणि पुढे गेली. मी म्हटलं, "अगं, वळसा कशाला?" तर हळूच मला दटावते, "अहो, पाय पसरून बसलेत ना ते. ओलांडू का?" मागून चिमणीनेही तसाच वळसा घेतला.

मी खुर्चीकडे बघितलं, रिकामी. चाळीस वर्षांचा बाप्या मी, ज्याच्या हो म्हणण्यावर हे घर मिळालं, आणि या घरात ज्याला तो माणूस दिसत नाही असा एकटा मीच! रागही आला, खोटं कशाला बोलू.

रात्रीच्या जेवणाला बायको म्हणते, "किती शिष्ट हो तुम्ही. आजोबा सारखे तुम्हाला काहीतरी म्हणतायत आणि तुमचं लक्षच नाही." मी म्हटलं, काय म्हणतायत? म्हणाली, "बोलत नाहीत. तुमच्याकडे बघतात आणि मान अशी मागे टाकतात, पुन्हा पुन्हा. या, बसा, असं असेल ना?"

बायको नवीन आहे इथे. मी वर्षभर बघतोय. दुकानात माल संपला की दुकानदार अशीच मान मागे टाकतो, बस भरली की कंडक्टर टाकतो, आणि त्या बावीस घरांच्या दारात बावीस मालकांनी टाकली. तिचा अर्थ एकच, 'नाही'.

आता चिमणी आत झोपली होती, सहा महिन्यांचा करार झाला होता, जायचं कुठे? मी म्हटलं, "हो गं, या बसाच म्हणतायत." आणि जेवायला बसलो.