तीन वाजून दहा मिनिटं

...नको, त्या खोक्यावर नको बसूस अगं, तेच तर तुझ्या संग्रहालयात जायचंय — स्टुलावर बस. हां. आता पाटीवर काय छापणार ते परत वाच बघू. ‘शोधक : मर्ल हॉस्टेटलर.’ झकास.

काय करतं म्हणतेस हे खोकं? व्हिडिओ टेपवरचं चित्र म्हणजे ओळीखाली ओळ, बरोबर? टेप ताणली, चाक जरा मागंपुढं फिरलं, की एक ओळ लवकर येते, एक उशिरा — आणि सरळ खांब नूडलसारखा वळवळायला लागतो. मग हे खोकं लवकर आलेलीला दाराशी थांबवतं आणि वेळ झाली की आत सोडतं. शाळेत पोरांना सोडतात ना, तसं — हे मी नाही म्हणालो, व्हर्ना म्हणायची. व्हर्ना काझमारेक, शेजारच्या टेबलावर तारा जोडायची.

एकाहत्तर साल, इथंच रेडवुड सिटीत. कंपनीचे साहेब लोक बघायला येणार, सहा जण. सकाळी पावणेदहाला आम्ही भिंतीवरचं घड्याळ टेपवर घेतलं — गोल वस्तू हलली की लगेच कळतं, म्हणून. दुपारी मी बटण दाबलं, आणि काय सांगू तुला, पडद्यावर घड्याळ ठोकल्यासारखं स्थिर. टाळ्या पडल्या. मोठ्या साहेबांनी माझा हात असा हलवला की खांदा दुखला दोन दिवस. पेटंटचा अर्ज करा म्हणाले, लगेच. तेवढ्यात व्हर्ना कानाशी आली — “मर्ल, पडद्यावर किती वाजलेत?” तीन वाजून दहा. “आणि भिंतीवर?”

तीन वाजून दहा.

हसतेस काय? वायर टेपच्या यंत्राऐवजी घड्याळासमोरच्या कॅमेऱ्याला लागली होती, लागते घाईत. सहा साहेब, सहाही जणांच्या मनगटावर घड्याळं, आणि एकालाही — असो. खोकं? खोकं चालत होतं ना. म्हणजे तेव्हा नाही, सोमवारी. त्या शुक्रवारपर्यंत मी लवकर आलेल्यांना थांबवत होतो, पण उशिरा येणाऱ्यांचं काय, त्यांना मागून ढकलता थोडंच येतं? तर व्हर्नानं त्या दोन दिवसांत काय केलं, सगळ्यांनाच थोडं उशिरा सोडलं. एवढंच. म्हणजे, सगळं तेवढंच होतं. मी? मी शनिवार-रविवार अंथरुणात, पोट दुखतंय म्हणून.

हे लिहू नकोस.

अर्जावर नावाला एकच रेघ होती. दुसरी मागता आली असती का? आली असती. मी मागितली नाही, आणि त्याची लाज वाटते मला, अजून वाटते. व्हर्ना? दर गुरुवारी पत्ते खेळायला येते, कोट काढते, माझ्या घड्याळाकडे बघते आणि विचारते, “मर्ल, हे खरं आहे ना?” — आणि पानं वाटायला घेते. पन्नास वर्षं झाली, बाई काही तो प्रश्न सोडत नाही.

आज वार कोणता? मग येईलच ती. ऊठ, तू नीघ, मागच्या दारानं — थांब. पेन आहे ना? माझ्या नावाशेजारी जागा आहे? खाली नको, वर लिही. काझमारेक. व्हर्ना आधी. बघू... बरं.

आता जा. मागून नको, पुढच्या दारानं जा, पायरीवरच भेटेल. कागद दाखव तिला. आणि मी कुठंय विचारलं, तर पोट दुखतंय म्हणावं.