चांदी ओळखणाऱ्या पेशी

दवाखान्याच्या बाकावर शिंपीणबाई आपल्या नंबराची वाट बघत होत्या. शेजारी चांदीचे एक वयस्कर कारागीर आणि प्रयोगशाळेत काम करणारी त्यांची लेक बसली होती. बाईंनी मान फिरवली, पण कान काही फिरेनात.

“मला धाड भरलेली नाही. उगाच दिवस फुकट घालवलास.”

“बाबा, चाळीस वर्षं चांदी घासताय. तोंडाला फडकं बांधा म्हटलं, तर ऐकलंत कधी?”

“चांदी म्हणजे काय विष आहे?”

“भांड्यातली नाही. पण घासताना उडणारे बारीक कण श्वासातून आत जातात. पार पेशींत शिरतात. मग अंगातल्या राखणदार पेशी खवळतात.”

“त्यासाठीच माझं रक्त नेलंस ना? मग, खवळल्या माझ्या?”

“रक्ताच्या नमुन्यांत चांदीचे कण सोडल्यावर सगळ्यांच्या खवळल्या, माझ्यासुद्धा. तुमच्या ढिम्म.”

“बघ! कारागिराच्या पेशी आहेत. चांदी ओळखतात.”

“घरात तुम्ही क्षणभर गप्प बसत नाही, आणि पेशी मात्र मौनात!”

“मग कौतुक कर की बापाचं. इथं कशाला आणलंस?”

“राखणदार ओरडलेच नाहीत, बाबा. ते सरावलेत की दमलेत, हे मला कळेना. म्हणून डॉक्टरांना विचारायचंय.”

शिंपीणबाईंनी हळूच वळून पाहिलं. कारागीर आपल्या काळवंडलेल्या बोटांकडे बघत होते.

आतून नंबर पुकारला.

“चला, आपलाच आहे. बाबा? अहो, काहीतरी बोला ना.”